पिंजऱ्यापाशी जनावर

आमच्या यांनी लव्हबर्ड्‌स आणले आणि मनीषनगरातल्या आमच्या घराची छावणी झाली. शेजारी रिकामा प्लॉट, त्यात कमरेएवढं गवत. मोबाइलवर वाचून यांनी पिंजऱ्याभोवती फिनाइल शिंपडलं, लसणाच्या माळा बांधल्या, साप पळवणारं एक मशीनही लावलं. ते रात्रंदिवस कुरकुरायचं. त्यानं पळाली फक्त आमची झोप.

सासूबाई नरखेडकडच्या. तिकडे सापाचं नाव घेत नाहीत, घेतलं की तो येतो म्हणे. म्हणून साप म्हणजे 'जनावर'. गांधीबागेत कापड विकता विकता आमचे हे आईची ही रीत विसरले होते. त्या दुपारी सासूबाईंनी दुकानात फोन केला, "अरे, पिंजऱ्यापाशी जनावर येऊन राहिलं गा."

यांना वाटलं, मांजर. म्हणाले, "भ्यायचं काय त्यात वं आई, झाडूनं हाकल त्याले."

लेकाचा शब्द म्हणून सासूबाई खरंच झाडू घेऊन निघाल्या. मी मागोमाग गेले तर समोर फणा काढलेला नाग. त्यांना दंड धरून आत ओढलं, दार लावलं आणि सर्पमित्राला बोलावलं. पाखरं वाचली.

संध्याकाळी हे आईवर तडकले, "सरळ साप काहून नाही म्हटलं?"

"अन् नाव घेतल्यावर आला असता म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी मात्र फाटकाशी उभे राहून हे शेजाऱ्यांना दबक्या आवाजात सांगत होते, "काल आमच्याकडे जनावर आलं होतं."

शेजाऱ्यांनी कौतुकानं विचारलं, "अरे वा, कोणती ब्रीड?"