रशीदभाईंचे दोन तास

दुपारी साडेबाराला रुबीनाची हाक ऐकू आली. सकाळी साडेदहापासून गल्लीत झालेला तो पहिला मोठा आवाज. मी कोपऱ्यावर उभा होतो. दुकानापर्यंत पोचलो तेव्हा रशीदभाई स्टुलावर, भिंतीला टेकून बसलेले होते. रुबीना त्यांचा खांदा धरून म्हणत होती, "अब्बा, पेपर झाला. आता बोला ना…" दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना जाऊन बराच वेळ झाला असावा. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

दिग्रसला आमच्या गल्लीत रशीदभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. शेतातल्या विहिरींवर जळालेल्या मोटारी आसपासच्या गावांतून त्यांच्याकडे येत. ते जुनी तार काढून नवी भरत आणि भरता भरता बोलत. गिऱ्हाइकाशी, रस्त्यावरच्या माणसाशी, कोणी नसलं तर मोटारीशी. यवतमाळच्या वर्तमानपत्रातली नोकरी संपवून मी समोरच्या घरात राहायला आलो, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय पेपरवाले, आज काय लपवलं आमच्यापासून?" पुढची नऊ वर्षं रोज सकाळी हाच प्रश्न आला.

रुबीना त्यांची एकुलती मुलगी. बी.कॉम. झाल्यावर तिने कंपनी सेक्रेटरीच्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू केली. गल्लीत कोणी हे नाव ऐकलेलं नव्हतं. रशीदभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत, "कंपनीच्या मालकाले कायद्यात ठेवाचं काम असते. घरी बापाले ठेवते, तसं." मागच्या खोलीत उजेड कमी, म्हणून ती दुकानातच मोठ्याने वाचायची. करार म्हणजे काय, भागीदारी कशी मोडते, कंपनी ही माणसांपेक्षा वेगळी कशी. रशीदभाई तारेचे वेढे मोजत ऐकायचे. एकदा कायद्यात इतके गुंतले की मोजणी चुकली आणि भरलेली मोटार पुन्हा उकलावी लागली. कराराला एकाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याचा स्वीकार लागतो, हे ती वाचत होती. त्यांनी मध्येच विचारलं, "अन् दुसरा चूप राह्यला तर?" ती म्हणाली, "नाही अब्बा. चूप राहणं म्हणजे स्वीकार नाही." त्यावर त्यांनी हातातली तार खाली ठेवली आणि ते वाक्य तिला पुन्हा वाचायला लावलं, हे मी मुद्दाम नोंदवतो.

हा नियम त्यांनी वापरला. पुसदहून त्यांचे मामा रुबीनासाठी स्थळ घेऊन आले होते. मीही बसलो होतो. मामा तासभर बोलले, रशीदभाई प्रथमच गप्प. मामांनी उठता उठता मिठाईचा पुडा उघडला. तेव्हा रशीदभाई म्हणाले, "चूप बैठा मतलब हाँ नहीं होता, मामूजान. कानून है. पूछो लड़की को." मामा चिडले. शेवटी एवढं ठरलं, की परीक्षा पास झाली तर रुबीना शिकेल. दोन वेळा नाही झाली तर लग्नाचं बोलायचं.

ही परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर द्यायची असते. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कोणी नको, आवाज नको. पहिल्या वेळी रुबीना मागच्या खोलीत बसली, रशीदभाईंनी काम बंद ठेवलं आणि दुकानात पहाऱ्याला बसले. अर्ध्या तासाने एक शेतकरी मोटार घेऊन आला. रशीदभाई जागेवरूनच ओरडले, "आज बंद हाय! पोरीची परीक्षा हाय! आवाज नोका करू!" तो मोटार ठेवूनच जाईन म्हणाला, तेव्हा ते आणखी मोठ्याने ओरडले. आत लॅपटॉपवर आवाजाबद्दल सूचना येत गेल्या आणि पेपर बंद पडला. संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मीच बुडवलं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या वेळी त्यांनी गल्लीची आखणी केली. बायकोला, शमीम भाभींना, शेजारी पाठवलं. भोंगा लावून फिरणारा भंगारवाला अडवायला मला कोपऱ्यावर उभं केलं. "पेपरवाले, तोंड नाई चालवाचं. फक्त उभं राहाचं. जमन का?" मी म्हटलं, तुम्हाला जमेल का ते बघा. ते हसले, तोंडावर बोट ठेवलं आणि स्टुलावर जाऊन बसले. अकराच्या थोडं आधी मी वळून पाहिलं. त्यांनी हात वर केला. सगळं ठीक आहे असं समजून मीही केला. मध्ये चाळीसेक पावलांचं अंतर होतं. नंतर भंगारवाला आला, मी त्याच्या मागे गेलो, पुन्हा वळून पाहिलं नाही.

निकाल आला. रुबीना पास झाली होती. पुढच्या टप्प्याची नोंदणी मात्र तिने केली नाही. मामांकडून निरोप येऊ लागले, तिने त्यांनाही उत्तर दिलं नाही. एका सकाळी ती ओट्यावर आली. "काका, अब्बाले दुखलं असन तर त्यायनं हाक मारली असती. माह्या पेपरसाठी मारली नाही. असंच ना?" मी माहीत होतं तेवढं सांगितलं. हृदयाचं दुखणं दर वेळी बोलायला वेळ देत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. आणि हाताचं सांगितलं, जे तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तो हात बोलावत होता की नव्हता, हे मला कळलं नाही आणि आता कळणार नाही.

ती म्हणाली, "तुमी नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं." थोड्या वेळाने, "बरं झालं सांगितलं…" आणि उठून गेली.

गेल्या आठवड्यात तिने नोंदणी केली. सकाळी शटर ती स्वतः उघडते आणि कामाच्या टेबलापाशी वाचत बसते. आता मनात वाचते. गल्लीतले लोक तिथून जाताना अजूनही आवाज खाली करतात. हे कोणी ठरवलेलं नाही. परवा मी फोनवर बोलत येत होतो. दुकानाजवळ आल्यावर सवयीने थांबलो. तिने मान वर केली. "काहून थांबले काका? बोला ना. जोरात बोला. एवढं चूपचाप असलं की मले दर दोन मिन्टानं उठून बाहेर पाहा लागते…"

मी बोलणं पुढे चालू केलं. त्यात मोठ्याने सांगण्यासारखं काही नव्हतं. दुकान मागे पडलं तरी आवाज कमी केला नाही.