मावशींचं मनगट

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात मी सहा वर्षं नळ्या बसवल्या आणि त्यानंतरची सहा वर्षं त्या तपासते आहे. काय काम करतेस असं कोणी विचारलं की मला आधी वैतागच येतो, कारण सांगितलं तरी समोरच्याला पटकन उमगत नाही. हॉटेलातल्या मोठ्या तव्यांच्या लोखंडी दांड्यावर, हात भाजू नये म्हणून, काळी प्लास्टिकची नळी असते ना, ती. ती दांड्यावर चढवायची. बस्स, एवढंच. पण तवा तापला तरी नळी जागची हलता कामा नये, आणि सगळी मेख तिथेच आहे.

नळीचं भोक दांड्यापेक्षा केसभर लहान ठेवलेलं असतं. उकळत्या पाण्यात टाकली की नळी मऊ पडते, जराशी फुगते. चिमट्याने काढून आतून-बाहेरून खडखडीत कोरडी करायची, दांड्याच्या तोंडाशी धरायची आणि हातप्रेसची मूठ खाली ओढायची. निवाली की ती दांड्याला आवळून बसते, दांड्यावरच्या बारीक चऱ्यांत रुतते. पुसता पुसता उशीर झाला तर वाटेतच अडकते, मग दांडाही गेला आणि नळीही गेली. भिंतीवर खडूने एकच नियम लिहिलेला होता: तेल लावू नये. प्लास्टिक लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे आचेवर नळीची पकड तशीही ढिली होते. त्यात आतून तेल असेल तर मग बघायलाच नको.

तपासणीच्या टेबलावर मावशी बसायच्या. पापडीकडच्या वाडीतल्या, वयाने आम्हा सगळ्यांहून मोठ्या. लहानपणापासून विहिरीचं पाणी ओढून केळी शिंपलेल्या. दांडा शिकंज्यात धरायचा, नळीभोवती मूठ आवळायची आणि ओला कपडा पिळावा तशी पिळायची. हलली तर बाद. दुसरी कसली चाचणी नव्हती. गाळ्यात सगळे म्हणायचे, मावशींच्या मनगटाखालून गेलेला माल परत येत नाही. त्याही कमी नव्हत्या. माझी एखादी नळी हलली की टेबलावरूनच हसून विचारायच्या, आज जेवली नाहीस का गं? मला राग यायचा. मी मुळात रागीटच आहे.

मग माझा उजवा खांदा धरला. मूठ ओढताना डोळ्यांत पाणी यायचं, रात्री कुशीवर वळता यायचं नाही. घरी सांगितलं असतं तर काम सोड म्हणाले असते, आणि ते मला नको होतं. शेवटी मी शहाणीने पिशवीत खोबरेलाची बाटली आणली. बोटभर तेल नळीच्या तोंडाला आतून फिरवलं आणि मूठ ओढली, तर नळी सरसर आत गेली. वाटलं, इतके दिवस उगाच मरत होते. थंड झाल्यावर मावशींनी पिळली, हलली नाही. मला तेवढं पुरे होतं. भिंतीवरचा नियम कोणा भित्र्या माणसाने लिहिला असेल असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

दोन-अडीच महिन्यांनी एक पेटी परत आली. कुठल्याशा हॉटेलात आचाऱ्याने तापलेला तवा उचलला, तर नळी त्याच्या मुठीत राहिली आणि तवा खाली पडला. तेल त्याच्या पायावर सांडलं. तो माणूस कोण, त्याचा पाय बरा झाला का, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता कोणाला विचारायचं तेही कळत नाही.

मालक ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, मावशी भांडल्या असत्या. ते हळू आवाजात, आदरानेच म्हणाले की वय कोणाला चुकलंय, हात पूर्वीसारखे राहिले नाहीत, आता तुम्ही पॅकिंगला बसा. मावशी उजवं मनगट डाव्या हातात धरून बघत राहिल्या. मी टेबलावरची परत आलेली एक नळी उचलली आणि नाकाशी नेली. खोबरेलाचा वास आला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. नोकरीची भीती होती हे खरं, पण पूर्ण खरं नाही. कारण पुढच्याच वाक्यात मालकांनी मावशींच्या खुर्चीवर मला बसवलं होतं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या खांद्याचा.

त्यानंतरच्या मालाची तक्रार आली नाही. येणार कशी? तेल लावणारीच प्रेसवरून उठली होती. शिवाय मी चाचणी बदलली. प्रत्येक पेटीतले चार-पाच दांडे दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचे आणि गरम असतानाच हातमोजा घालून पिळायचे. मालकांनी चारचौघांत माझं कौतुक केलं. मावशी खोके चिकटवता चिकटवता म्हणाल्या, "हातात जोर हवा गं, तो तुझ्यात आहे." काही दिवसांनी त्या खोकीही दुसऱ्या बाईला सोबत घेऊनच उचलायला लागल्या, आणि वर्ष व्हायच्या आत त्यांनी काम सोडलं.

यंदा प्रेसवर एक नवी बाई आली. तिचा दांडा गरम पाण्यातून काढून पिळला तर नळी गर्रकन फिरली. मी वास घेतला आणि जाऊन तिला नाही नाही ते बोलले. ती रडत रडत म्हणाली, ताई, तुम्हाला वासावरून कसं कळलं? बाकीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्या रविवारी माणिकपूरहून रिक्षा केली आणि पापडीला गेले.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून त्यांना खूप आनंद झाला, तोच मला जड गेला. सुनेने चहा आणला. मावशींनी कप दोन्ही हातांनी धरला. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं: खांदा, खोबरेल, वास, खुर्ची. रडतील, शिव्या घालतील, अशी मनाची तयारी करूनच गेले होते.

"म्हंजे माझे हात बरे होते," त्या म्हणाल्या.

"हो मावशी. तुमच्या हातांना काही झालं नव्हतं."

अंगणात त्यांचा नातू सायकल फिरवत होता. त्यांनी हनुवटीने त्याच्याकडे खूण केली.

"हा झाला ना, तेव्हा नुकतंच तुम्ही मला टेबलावरून उठवलं होतं. सून याला घेऊन आली, म्हणाली, आई, घ्या. मी घेतला नाही. न्हाऊ घातला नाही, पानी ओतायलासुद्धा शेजारणीला बोलावलं. कडेवर एकदाही घेतला नाही. म्हटलं, आपल्या हातांचा काय भरवसा, पडला तर?" त्यांनी कप खाली ठेवला. "सहा वर्षांचा झाला. आता कोनाच्या कडेवर येतोय तो?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तू आता जा," त्या म्हणाल्या.