टिंबाच्या उजवीकडे

झरेवाल्यांना आयुष्यात कुणी खोटं म्हटलं नव्हतं. हट्टी म्हणाले, तिरसट म्हणाले. बायको तर 'डोंगराशीच लग्न करायचं होतंत' असंही म्हणायची. पण खोटं? छे! पाणीखात्यात अडतीस वर्षं मोजणीदार होते, आणि त्यांनी दिलेला एक आकडा कधी चुकीचा म्हणून परत आला नाही. शहरामागच्या डोंगरात कुठे पाणी फुटतं ते शोधायचं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवायचे आणि दरवर्षी जाऊन पाणी आहे की आटलं ते बघायचं, एवढंच काम. एवढंच म्हणतो खरा, पण करून बघा एकदा. गुडघ्याच्या वाट्या झिजतात.

असे एकशे त्रेसष्ट झरे त्यांनी वहीत घातले. वही हजेरीपटाची. मोजणीची वही छापायला खात्याला सवड झाली नाही, म्हणून मजुरांच्या हजेरीची दिली. रकाने एवढे अरुंद की त्यात 'ह' लिहिला तरी त्याची शेपटी शेजाऱ्याकडे जाणार. आता जागा लिहायची म्हणजे अंश, कला, विकला असे तीन आकडे आले; एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. ऑफिसातले बाकीचे डिग्री-मिनिट-सेकंद म्हणायचे. झरेवाल्यांनी मात्र शाळेत गुरुजींनी शिकवलेलं सोडलं नाही. पण तीन रकाने काही मावेनात. मग त्यांनी युक्ती केली. अंश एका रकान्यात, कला दुसऱ्यात, आणि विकला कलेच्याच रकान्यात, टिंब देऊन पुढे. बेचाळीस कला तीस विकला म्हणजे ४२.३०. वर मथळे दोनच, 'अंश' आणि 'कला'. विकला हा शब्द वहीत औषधालासुद्धा नाही. कशाला लिहायचा? लिहिणारे तेच, वाचणारेही तेच.

सत्तेचाळीस नंबरच्या झऱ्यापुढे शेऱ्यात एकच शब्द आहे : 'हिचा'. एका सुट्टीला बायको हट्टाने बरोबर आली होती. "माझी सवत दिसते तरी कशी, ते बघू दे एकदा," म्हणाली. वाटेत तिचा पाय घसरला आणि ती बसकण मारून बसली ती एका कातळापाशी. बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, इथे पाणी वाजतंय." झरेवाले त्या कातळावरून वीस वेळा गेले होते. त्यांनी कधी काही ऐकलं नव्हतं. तिने ओंजळ भरली, प्याली, आणि पुढे जन्मभर टोमणा मारत राहिली : "तुम्ही इतकी वर्षं तंगडतोड केलीत, आणि मला पहिल्या दिवशी सापडला." ती जाऊन आता नऊ वर्षं झाली. झरा आहे.

गेल्या वर्षी झरेवाल्यांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, "यांना समजतं सगळं. पण शब्द हाताशी येणार नाहीत, आणि लिहिण्याचंही तेच." डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसता कोळी चालत जायचा. एक शब्द तेवढा शाबूत राहिला, 'हो'. भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. दुखतंय का? हो. होकाराला हो आणि नकारालाही हो. आता यातून घरच्यांनी काय समजायचं?

त्यातच ती जाहिरात आली. डोंगर खाणीला द्यायचं चाललं होतं. ज्यांना तिथले झरे माहीत असतील त्यांनी यादी द्यावी; पाहणीत झरा खरा ठरला तर त्याच्या भोवती खणणार नाही, असं खाणींच्या सरकारी कार्यालयाने छापलं होतं. खात्याकडे झरेवाल्यांच्या वहीची प्रत होती म्हणे, पण छत गळून भिजली आणि लगदा झाली. पाण्याच्या खात्यात पाण्यानेच कागद खाल्ले! राहिली ती घरातली वही. ती खरी ठरली तर डोंगर वाचणार, नाहीतर 'हिचा' झरासुद्धा सुरुंगाखाली जाणार.

सूनबाई कामाला वाघ. एका शाळेच्या ऑफिसात निकालाचे तक्ते करायची, त्यामुळे स्प्रेडशीट म्हणजे तिच्या हातचा मळ. दुपारी तिने लॅपटॉप झरेवाल्यांच्या पलंगाशेजारी मांडला. "बाबा, तुमच्यासमोरच करते. चुकलं तर सांगा हं." म्हणाली, आणि मग स्वतःच जीभ चावली.

"जागा दशांश अंशातच द्या म्हणतायत," तिने अर्ज वाचला. "आणि हे 'कला' काय आहे? चित्रकला नाही ना?" झरेवाले हसले. अर्धा चेहरा हसला, अर्धा तसाच राहिला. सूनबाईने मोबाइलवर शोधून काढलं. "हां! मिनिटं होय. मग सोपं आहे. कलेला साठाने भागायचं आणि अंशात मिळवायचं. काही यंत्रं मिनिटांपुढे टिंब देऊन दशांश दाखवतात, तसंच दिसतंय तुमचं."

तसंच नव्हतं हो! पण तिचा बिचारीचा काय दोष? टिंब दिसलं की दशांश, हेच जगाला शिकवलेलं.

तिने सत्तेचाळीस नंबरपासूनच सुरुवात केली, सासूबाईंचा म्हणून. ४२.३० टाकले, साठाने भागले. उत्तर आलं शून्य दशांश सात शून्य पाच. झरेवाल्यांचं डोकं अजून चालत होतं. तीस विकला म्हणजे अर्धी कला. साडेबेचाळीस भागिले साठ. सात शून्य आठ यायला हवं. तीन सहस्रांशांचा फरक. कागदावर मुंगी दिसेल, पण डोंगरावर तो पावणेचारशे मीटर होतो. त्यांनी डावा हात पलंगाच्या कडेवर आपटला. "हो! हो! हो!"

"आवडलं का बाबा?" सूनबाई खूश झाली. तिने त्या चौकटीचा कोपरा पकडला आणि खाली ओढला. सर्रकन एकशे त्रेसष्ट ओळी भरल्या. एकशे त्रेसष्ट झरे एका ओढीत आपापल्या जागेवरून उठले, कुणी दोनशे मीटर, कुणी सातशे. झरेवाले बघत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यांना एकच शब्द हवा होता. तीन दिवस ते त्याच्या मागे होते. शब्द जिभेच्या मुळाशी यायचा आणि वळचणीला पाल सरकावी तसा सरकायचा. जेवताना घास तोंडात धरून ते शोधत बसायचे. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलगा गोदामातून आला, बूट काढत होता, आणि झरेवाल्यांच्या तोंडून स्वच्छ, खणखणीत शब्द बाहेर पडला :

"विकला!"

मुलाच्या हातातला बूट तसाच राहिला. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा बोलले?"

"विकला!" झरेवाले वहीकडे बोट करत होते, पण वही भिंतीशी होती, आणि त्याच भिंतीशी पूर्वी त्यांचा नवराबायकोचा लोखंडी पलंग होता.

मुलगा मटकन खाली बसला. "कळलं त्यांना," तो बायकोला म्हणाला. मग बापाचे पाय धरून हमसाहमशी रडायला लागला. "हो बाबा, विकला. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा विकला. हा कळ दाबून वर होणारा पलंग आणायचा होता, खोलीत जागाच नव्हती. आईचा पलंग होता, मला कळत नव्हतं का? पण मी तरी काय करणार होतो?"

झरेवाल्यांना पलंगाचं माहीतच नव्हतं. माळ्यावर असेल अशा समजुतीत होते ते. आता कळलं. मागायला गेले एक आणि पदरात पडलं भलतंच! त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाले, "विकला." आता त्यांनाही कळेना की आपण नेमकं काय म्हणतोय.

त्यानंतर तो शब्द निघाला की मुलगा तोंड फिरवून बाहेर जाऊ लागला. म्हणून मग झरेवाल्यांनी तो म्हणायचा सोडला. दुसरा मार्ग त्यांना दिसत होता. समोरच्या भिंतीवर गोळ्यांच्या वेळांचा कागद होता, सूनबाईच्या अक्षरात : सकाळी ८.३०, दुपारी ४.३०. टिंब आणि तीस! घड्याळाचं टिंब आणि वहीचं टिंब एकच होतं. ते कागदाकडे बोट दाखवायचे, मग वहीकडे, मग पुन्हा कागदाकडे. सूनबाई यायची, घड्याळ बघायची, "अजून वेळ आहे बाबा," म्हणायची. आणि फारच हट्ट केला तर बिचारी गोळी आधीच द्यायची. झरेवाले गिळायचे. न गिळून सांगतात कुणाला?

यादी गेली. पंधरा दिवसांनी पाहणी झाली. पत्र द्यायला कार्यालयातला एक साहेब स्वतः आला, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. पाच जागा पाहिल्या, एकाही ठिकाणी थेंब नाही. सबब नोंदवही विश्वासार्ह नाही, संपूर्ण यादी रद्द, असं पत्रात होतं. "मनाला लावून घेऊ नका, वहिनी," तो दारात म्हणाला, "साठी बुद्धी नाठी. म्हातारपणी माणसं रचून लिहितात." अरे शहाण्या, त्यांनी लिहिलं तेव्हा ते पस्तिशीत होते! पण हे सांगणार कोण? ज्यांना सांगायचं होतं ते आतल्या खोलीत शब्दन् शब्द ऐकत होते. डाव्या डोळ्यातून आलेलं पाणी त्यांना डाव्या हाताने पुसता आलं. उजव्या डोळ्यातलं कानात गेलं.

मग एका गुरुवारी डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि सूनबाई नवा कागद लिहायला बसली. पलंगाच्या कडेवर कागद टेकवून ती मोठ्याने बोलत लिहीत होती. "सकाळची आता नऊला. दुपारची तीच, साडेचारला." आणि तिने लिहिलं, ४.३०.

झरेवाल्यांनी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं. बोट ४.३० वर ठेवलं आणि घशातून आवाज काढला.

"साडेचार, बाबा. अजून तीनच वाजलेत."

त्यांनी बोट आपटलं. तीसवर, फक्त तीसवर.

"साडे... तीस म्हणजे साडे. अर्धा तास," सूनबाई म्हणाली, आणि थांबली. वहीकडे बघितलं. उठली, वही आणली, सत्तेचाळीस नंबर काढला. ४२.३०. "बाबा, हे साडेबेचाळीस आहे? हे टिंबापुढचं... साठातलं आहे?" तिने पानं भराभरा उलटली. टिंबापुढे १२, ४८, ०७, ५९, ३३. एकशे त्रेसष्ट झऱ्यांत एकदाही साठ नाही, सत्तर नाही, नव्वद नाही. दशांश असते तर कुठेतरी नव्वद आलाच असता की! तिने मोबाइलवर 'अंश कला' टाकून पुढचा शब्द वाचला आणि तोंडावर हात ठेवला.

"विकला! अगं बाई, तुम्ही तेव्हा हे म्हणत होता! आणि आम्ही पलंग पलंग करत बसलो!"

झरेवाले रडतही होते, हसतही होते. सूनबाईने तिथल्या तिथे नवा रकाना घातला. टिंबाच्या डावीकडचं साठाने भागायचं, उजवीकडचं छत्तीसशेने, आणि दोन्ही अंशात मिळवायचं. सत्तेचाळीस नंबर : सात शून्य आठ. तिने मोबाइलच्या नकाशात तो आकडा टाकला. बाण बरोबर त्या काळ्या कातळावर जाऊन टेकला. झरेवाल्यांनी नकाशावर बोट फिरवलं, आणि बोटाने नकाशाच पळवला. तिने पुन्हा आणून दिला.

शुक्रवारी ती शाळेतून रजा काढून कार्यालयात गेली. झरेवाले उशीला टेकून दाराकडे बघत बसले. चार वाजले, सव्वाचार वाजले. दार वाजलं, चपला काढल्याचा आवाज आला. पण ती आधी स्वयंपाकघरात गेली. मुलगा घरीच होता. माणसाला बोलता येत नसलं की त्याला ऐकूही येत नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

"दुरुस्तीची मुदत मंगळवारी संपली," ती हळू आवाजात सांगत होती. "मी शीट दाखवली, टिंब समजावलं. साहेबाला पटलंही. म्हणाला, वहिनी, बैल गेला आणि झोपा केला. बुधवारी सही झाली. डोंगर विकला त्यांनी."

"बाबांना काय सांगायचं?"

"मला नाही सांगवणार."

नळ बराच वेळ वाहत राहिला. मग ती तोंड धुऊन बाहेर आली, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात गोळी. चेहरा तिने नीट केला होता. अशा वेळी माणसं करतात तितपत नीट.

झरेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्यापाशी शब्द दोनच. त्यातला एक त्यांनी तिच्यापुढे केला, तिला सोपं जावं म्हणून.

"विकला?"

हा प्रश्न टिंबाचा की डोंगराचा, हे सूनबाईला कळेना. आणि मग तिने तेच उत्तर दिलं जे खोटंही नव्हतं आणि सांगितल्यासारखंही नव्हतं. "हो बाबा," ती म्हणाली. "विकला."

तिला वाटलं, बाबांना बरं वाटलं. अडतीस वर्षांत एक खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाने चेहरा खुलल्यासारखा केला, अर्धाच खुलतो तेवढा, आणि मान डोलावून म्हटलं, "हो."

साडेचार वाजले होते. तिने गोळी पुढे केली आणि त्यांनी तोंड उघडलं.