जावईबापूंनी मोटारीचं तेल बदललं

चहा आधी संपवून घ्या बुवा, नाहीतर ठसका लागेल आणि पाप माझ्या माथी येईल. तशी माझ्या माथी पापं काय कमी आहेत? पण त्या दसऱ्याला मी जे करून ठेवलं, त्याचं प्रायश्चित्त कुठल्याच पोथीत सापडायचं नाही.

माझं सासर इंझोरीचं. मी मानोऱ्याला शाळामास्तर. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्या वेळी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, पंचक्रोशीत मोटार एकच होती, आणि ती मामाजींची! रोज सकाळी देवपूजा झाली की ते आपल्या हातानं तिच्या काचा पुसायचे. घरच्या माणसांनाही तिला हात लावायची चोरी होती.

मला मात्र ती चालवायचीही मुभा होती. का? मी जावई होतो ना! लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. आमच्या वऱ्हाडात नव्या जावयाला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. जावई म्हणाला, सूर्य आज मावळतीला उगवला, तर सासरची माणसं अंगणात जाऊन तिकडे तोंड करून नमस्कार करतील. माझ्या नाशाला ही रीतच कारण झाली. आणि माझी अक्कल, तीही होतीच.

झालं असं, की मोटारीविषयीचं एक पुस्तक माझ्या हाती लागलं होतं. ते मी दोनदा वाचलं. दोनदा! एवढ्यावर मी स्वतःला मेकॅनिक समजू लागलो. खंडेनवमीच्या सकाळी सासरी सगळी हत्यारं-अवजारं धुण्याचं काम चाललं होतं. मामाजींची मोटार हाकणारे आणि तिची दुरुस्ती करणारे रहीमचाचा इंजिनातलं जुनं तेल काढायच्या तयारीत होते.

“चाचा, तुम्ही बसा. आज मी करतो,” मी म्हणालो.

“जवाईबापू, तुमी कायले हात काळे करता? मी हाव ना!”

“त्यात काय आहे? बूच काढायचं, जुनं सोडायचं, नवं ओतायचं.”

चाचांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींच्या कपाळावर घाम दिसला. पण बोलणार काय? “करू द्या, करू द्या. जवाईबापू शिकेल मानूस हाय,” एवढंच ते म्हणाले.

बायकोनं मला दाराआड बोलावलं. “तुमाले येते ना खरंच? बाबाचा जीव हाय त्या गाडीत. लढाई सुरू हाय, सामान कुठी भेटत नाही. काही झालं तं मी तोंड कुठी दाखवू?”

“अगं, माझ्यावर विश्वास नाही?”

तिनं ठेवला हो! हेच तर आजवर सलतं.

धोतर खोचून मी मोटारीखाली शिरलो. बूच फिरवलं आणि काळंकुट्ट तेल धारेनं घमेल्यात पडलं. थोडं माझ्या नाकात गेलं, पण काम फत्ते! बूच घट्ट बसवलं. आता नव्या तेलाचा डबा उघडणार, तोच सासूबाई आल्या.

“जवाईबापू, पूजेले उशीर होऊन राह्यला. थो डबाही द्या इकडं. गाडीचाच हाय ना? पूजेत ठिवते.”

कुऱ्हाड, विळे, नांगराचा फाळ, शिवणयंत्र आणि त्यांच्या शेजारी तेलाचा डबा! सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली. मोटारीलाही हार घातला. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, खंडेनवमीला पुजलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो. मी म्हटलं, ठीक आहे, उद्या सकाळी ओतू. मोटार तरी आज कुठे हलणार आहे?

आता नीट ऐका. दसऱ्याच्या सकाळी उठून पाहतो, तर पूजेची जागा सारवलेली आणि डबा गायब! माझ्या मनात आलं, चाचांनी पहाटेच ओतलेलं दिसतं. केवढा कामसू माणूस! आणि चाचांनी काय समजावं? जवाईबापूंनी ओतलं. डबा कुठे होता म्हणाल, तर सासूबाईंनी विळे-कुऱ्हाडींबरोबर उचलून कोठीघरात नेऊन ठेवला होता. झाकणसुद्धा न उघडलेला.

तिसऱ्या प्रहरी सगळे सोनं लुटायला मानोऱ्याला निघालो. गाडी अर्थातच मी चालवणार. चाचा हळूच जवळ आले.

“जवाईबापू, तेलाचं सारं बराबर हाय ना?”

मला वाटलं, स्वतः तेल ओतून हा माणूस माझी परीक्षा घेतोय! छाती फुगवून मी म्हणालो, “चाचा, मोटार माझ्यावर सोडा!”

चाचांनी सोडली. जावयाला दुसऱ्यांदा कोण विचारणार?

पहिला मैल झकास गेला. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. मागे बसलेली बायको आईला कोपरानं ढोसून माझ्याकडे दाखवत होती. मग इंजिनातून टकटक सुरू झाली.

“आवाज कायचा होय, जवाईबापू?” मामाजींनी विचारलं.

“नवं तेल आहे ना मामाजी. इंजिन मोकळं होतंय.”

अरे, जीभ झडली कशी नाही माझी! टकटकीची खडखड झाली. चाचा म्हणाले, “जरा थांबवता काय?” मी म्हणालो, “पुस्तकात लिहिलंय, असं होतं.” कुठल्या पुस्तकात? कुठल्याच नाही! खडखडीची धडधड झाली. सासूबाईंनी नाकाला पदर लावला.

“काही जळून राह्यलं काय वं?”

आणि दण्णकन आवाज होऊन मोटार जागच्या जागी थांबली. पुढून धूर निघायला लागला. हारातली झेंडूची फुलं काळी पडली.

चाचांनी इंजिनाचं झाकण उघडलं. धूर ओसरल्यावर तेल मोजायची काडी बाहेर काढली, उन्हात धरली आणि पुन्हा पुन्हा पाहिली. कोरडी ठणठणीत!

“जवाईबापू, तेल?”

“तुम्ही नाही ओतलं?”

“मी? तुमीच तं म्हनले, मोटार माह्यावर सोडा!”

चाचा खाली बसले आणि इंजिनाला हात लावून म्हणाले, “खलास झालं, मालक. आतलं सारं तापून जाम झालं.” मामाजींचे डोळे भरून आले होते. त्यांनी मला दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या ना, तर मी आनंदानं खाल्ल्या असत्या! पण मी जावई पडलो. मोठ्या कष्टानं ते म्हणाले, “असू द्या. व्हते असं. उनात कायले उभे राह्यता? तुमी आत बसा.”

जवळच्या तांड्यावरून बैलजोडी आणली आणि मोटारीला दोर बांधला. मी उतरायला लागलो, तर मामाजींनी दार लोटलं. “जवाई मानूस पायी चालन, अन् आमी पाहू काय?”

मग मिरवणूक निघाली. पुढे बैल, मागे मोटार, तिच्यात मी एकटा चाक धरून बसलेला. सासरा, सासू, बायको, चाचा सगळे धुळीतून पायी. वाटेत लोक खिडकीतून माझ्या हातात आपट्याची पानं देत होते. “सोनं घ्या, मास्तर! काहून बैलं लावले?” इंझोरी येईपर्यंत माझ्या मांडीवर पानांचा ढीग झाला होता आणि त्यात तोंड खुपसून रडावंसं वाटत होतं. बायकोनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

अकोल्यापर्यंत मेकॅनिक पाहिले. सगळ्यांनी हात टेकले. सुटे भाग कुठून आणणार? लढाई संपेपर्यंत थांबा म्हणाले. मामाजींनी सकाळी काचा पुसणं सोडून दिलं. इकडे घरी बायको ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. मी पुस्तक चुलीत घातलं, तरी नाही!

दिवाळसणाला जायला माझे पाय उचलत नव्हते. काही मागायचं नाही, रुसायचं नाही, मिळेल ते डोक्याला लावून परत यायचं, असं ठरवलं होतं. पाडव्याला ओवाळणी झाली. मामाजी उठले आणि तबक घेऊन आले. तबकात नारळ, आणि नारळाशेजारी मोटारीची चावी.

“घ्या, जवाईबापू,” ते शांतपणे म्हणाले. “गाडी आजपासून तुमची.”

नको म्हणायची सोय नव्हती. सासऱ्याच्या हातचा आहेर नाकारायचा नसतो! चार बैलांनी ती मानोऱ्यात माझ्या अंगणात ओढून आणली. मास्तरला सासऱ्यानं मोटार दिली म्हणून सारं गाव बघायला लोटलं. लोकांनी माझी पाठ थोपटली.

गर्दी पांगल्यावर बायको कोठीत गेली. मोटारीबरोबर माहेराहून आलेला, झाकणही न उघडलेला तोच तेलाचा डबा घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला. दसऱ्यापासून पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली.

“घ्या,” ती म्हणाली. “आता किती तेल बदलाचं तितकं बदला.”