गळलेला ‘नाही’ आणि सहा तबकड्या

पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. माझे वडील सोलापुरात यंत्रमाग कामगारांची आणि विडी वळणाऱ्या बायकांची पत्रकं लिहायचे, अजूनही लिहितात. ‘सांगितलं म्हणून मानू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा’ हे वाक्य त्यांत इतक्या वेळा यायचं, की ते मला माझंच वाटायला लागलं. व्यावसायिक वैमानिक व्हायला निघाले तेव्हा पहिले काही महिने ते उपयोगीही पडलं. बाहेर बघायचं आणि उडायचं. रेल्वेचे रूळ, अक्कलकोटचा रस्ता, हिप्परग्याचा तलाव. खाली सगळं ओळखीचं.

मग हूड आला. घोड्याच्या झापडीसारखी ही वस्तू. डोक्यावर चढवली की विमानाच्या काचा दिसेनाशा होतात. उरतात फक्त समोरच्या सहा गोल तबकड्या. ढगात शिरल्यावर नुसत्या यंत्रांकडे बघून विमान कसं चालवायचं, त्याची ही तालीम.

“सर, एवढं लख्ख ऊन पडलंय आणि मी न बघता का चालवायचं?” मी पहिल्याच दिवशी भांडले.

माझे प्रशिक्षक दुधनीचे. घरी कन्नड, शाळेत मराठी, विमानात इंग्रजी. टोमणा मात्र नेहमी मराठीत.

“अय्यो, पुढारी! ढगाला निवेदन देणार का? बाजूला सरक म्हणून?”

“पण एका काट्यावर आंधळा विश्वास का ठेवू?”

“ठेवू नकाच की. सहा साक्षीदार आहेत. प्रत्येकाला वेगळं विचारा. एक खोटं बोलला तर बाकीचे त्याला उघडा पाडतील.”

हे मला फार आवडलं. मग माझा नादच सुरू झाला. कुठल्या तबकडीला नेमकं काय कळतं? उंचीच्या काट्याला उंची ठाऊकच नसते, त्याला फक्त हवेचा दाब कळतो. दिशा दाखवणाऱ्या तबकडीच्या पोटात एक भोवरा फिरत असतो. थोड्या वेळाने तो हळूच चुकायला लागतो, म्हणून होकायंत्राशी ताडून त्याला पुन्हा वळणावर आणावं लागतं. प्रत्येकाला थोडं कळतं, सगळं कुणालाच नाही. मला ते एखाद्या चांगल्या बैठकीसारखं वाटायचं.

हे सगळं कळत होतं, आणि तरी मी चुकले.

त्या दिवशी सर म्हणाले होते, आजचं उड्डाण नीट झालं तर तुमच्या उड्डाणांच्या वहीत सही करतो. सही नसेल तर यंत्रांवरच्या उड्डाणाची परीक्षा नाही, आणि ती नसेल तर पुढचं सगळंच अडतं. वर गेल्यावर बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की विमान अगदी सावकाश डावीकडे कललंय. मला काहीच जाणवलं नव्हतं. मी झटकन सरळ केलं, आणि त्याच क्षणी माझं अंग ओरडायला लागलं, की आपण उजवीकडे कलंडतोय. तबकड्या म्हणत होत्या, सरळ आहे. अंग म्हणत होतं, पडतेस! मी हनुवटी किंचित वर केली. हूडच्या खालच्या फटीतून हिप्परग्याचा तलाव दिसला, आडवा, शांत. अंग गप्प झालं. पुढचं उड्डाण छान झालं.

खाली उतरल्यावर सरांनी पेन काढलं. “शाब्बास, पुढारी.”

मी वही पुढे केलीच नाही. लोकांना खरं बोला म्हणून सांगणारी किती पत्रकं मी वाटली असतील!

“सर, मी बाहेर बघितलं. एकदा.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “माहीत आहे. तुमची हनुवटी वर जाते. वाट बघत होतो, सांगता का ते. परवा पुन्हा.”

घरी सांगितलं तेव्हा वडील नव्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. लाल पेन शेवटच्या शब्दावर, तिथून मागे मागे. आमच्याकडे एका चुकीपासून प्रूफ उलटंच वाचतात. मी लहान असताना एका पत्रकावर ठळक मथळा छापून आला होता, ‘आम्ही अन्याय सहन करणार!’ ‘नाही’ गळलेला. छापण्याआधी पाच जणांनी वाचलं होतं, मीही त्यात होते. प्रत्येकाच्या डोळ्याने तो ‘नाही’ आपल्या पदरचा घातला. विडी कारखान्याच्या फाटकावर बायका हसून हसून विचारत होत्या, “व्हय हो, कवापासनं सहन करायचा?”

“डोळा लई लबाड हाय, पोरी,” वडील मान वर न करता म्हणाले. “त्याला जे पायजे तेच वाचतंय.”

“मग ‘स्वतःच्या डोळ्यांनी बघा’ कशाला लिहिता?”

“बघा म्हणलं की. पैल्यांदा दिसंल ते खरं माना, आसं कुटं लिवलंय?”

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी पुन्हा वर गेलो. या वेळी सरांनी मला डोळे मिटायला लावून विमान स्वतःच वेडंवाकडं फिरवलं आणि माझ्या हातात दिलं. मी सरळ केलं. अंगाने लगेच ओरडायला सुरुवात केली, उजवीकडे, उजवीकडे! हनुवटी वर जायला बघत होती. मी ती खाली दाबली आणि प्रूफासारखी शेवटून सुरुवात केली. खालची उजवी तबकडी: चढ नाही, उतार नाही. तिच्या शेजारची: दिशा ढळलेली नाही. पलीकडची: वळण नाही. वरच्या रांगेत उंची तीच, मधल्या तबकडीतलं क्षितिज आडवं, वेग तोच. अंग अजून ओरडतच होतं. मी त्याला ओरडू दिलं. ते किती वेळ ओरडतं, याचंच मला कुतूहल वाटायला लागलं. मिनिटभराने ते दमलं. मग सर दिशा आणि उंची सांगत गेले, आणि मी तबकड्यांवरच नजर ठेवून विमान खाली आणत गेले.

“काढा हूड, पुढारी.”

समोर होटगी रोडच्या विमानतळाची धावपट्टी होती. अगदी नाकासमोर नव्हती, थोडी डावीकडे. सरांनी वहीत तेच लिहिलं, ‘थोडी डावीकडे’, आणि खाली सही केली. मी ती ओळ आधी शेवटाकडून वाचली.