दमलाय की कापुट?

आमच्या मामाला इंग्रजीतले मोजकेच शब्द येत, आणि त्यातला सर्वांत लाडका निघाला जर्मन. तरुणपणी तो छापखान्यात होता. बंद पडलेलं यंत्र बघायला तिथे एक जर्मन इंजिनिअर आला. त्यानं झाकण उघडलं, आत डोकावला, हात पुसले आणि म्हणाला, "कापुट!" बस्स. पुढे मामानं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा भांडवल म्हणून हा शब्द बरोबर आणला.

मी एकदा शहाणपणा केला. "मामा, हा शब्द जर्मन आहे."

"मग इंग्रज काय म्हणतात?"

"बोलताना तेही कापुटच म्हणतात."

"बघ! त्यांनाही याहून बरा सापडला नाही."

दुकानात निकाल दोनच. दुरुस्त होण्यासारखी वस्तू 'दमलीय', नाहीतर 'कापुट', म्हणजे थेट भंगार. मग गिऱ्हाइकानं कितीही गयावया केली तरी मामा बधायचा नाही. मागच्या खोलीतून मामी ओरडायची, "अहो, जरा गोड बोला की!" आणि दूध नासलं की स्वतःच हात पुसून म्हणायची, "कापुट!"

मग मामीला चार पावलांत धाप लागायला लागली. डॉक्टरांनी मामाला एकट्याला आत बोलावलं आणि, मामानंच मला नंतर सांगितलं, हृदयाबद्दल बरंच इंग्रजी ऐकवलं. मामानं विचारलं, "दमलंय, की..." डॉक्टरांनी मान खाली घातली.

बाहेर बाकावर मामी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी मी.

"काय म्हणाले?"

"दमलीयस म्हणाले."

जन्मभर भिंतीआडून मामीनं हे निकाल ऐकले होते. आवाजावरून तिला सगळं कळायचं.

"मग करा दुरुस्त," ती म्हणाली आणि हसली.

ती गेल्यावर मामा कुणाशी धड बोलेना. परवा मी आमचा जळका मिक्सर घेऊन गेलो. नवा घ्यायचाच होता. म्हटलं, या निमित्तानं तरी मामा तोंड उघडेल, खेकसेल. त्यानं मिक्सर खोलला. आतली कॉइल काळीठिक्कर.

"कापुट ना, मामा?"

"दमलाय."

"अरे, जळल्याचा वास येतोय!"

"दमलाय म्हटलं ना. ठेवून जा."

ठेवायला जागा नव्हती. फळ्या, बाक, मागच्या खोलीतला मामीचा पलंगसुद्धा दमलेल्या पंखे-मिक्सरांनी भरला होता. मी आमचा मिक्सर मांडीवर घेऊन बसून राहिलो.