सिनेमा थांबवणाऱ्या मावशी

सिनेमा ऐन रंगात आला की मावशी तो थांबवायच्या. हिरोचा हात हवेत, खलनायकाचं थोबाड वाकडं, आणि भोसरीच्या आमच्या चर्चमागच्या हॉलमध्ये वीस-बावीस पोरापोरींचा एकच कालवा. मावशींवर त्याचा ढिम्म परिणाम व्हायचा नाही. रिमोट पदराआड धरून त्या विचारायच्या, "आता सांगा, या सीनमध्ये येशू कुठं उभाय?"

चर्चच्या तरुण संघात नवा आलेला हमखास म्हणायचा, हिरोच्या बाजूला. "त्याला काय गरज? तो एकटाच दहा जणांना लोळवतोय," मावशी म्हणायच्या. "ज्याला गरज आहे त्याला शोध." मग आम्ही शोधायला लागायचो. कुणाला मार खाणाऱ्या गुंडाची आई आठवायची, कुणाला मारामारीत उलटलेली भाजीवाल्याची हातगाडी दिसायची. घरी बायबल उघडायचा कंटाळा करणारी आम्ही कार्टी, तिथं त्यातलीच वचनं काढून तास तास भांडायचो.

मावशी मूळच्या जालन्याकडच्या. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. चाकणच्या एका कारखान्यात त्या गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायच्या. आठवडाभर उभ्यानं शिफ्ट करायची आणि रविवारी दुपारची झोप सोडून आमच्याबरोबर मारामारीचे सिनेमे बघायचे, याला काय म्हणावं? सिनेमा, मालिका, रॅप, रील्स, त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं. कुणी नाक मुरडलं की उत्तर तयार असायचं, "बंदी घातली की लेकरं मोबाइल घेऊन संडासात बसतात. त्यापेक्षा माझ्यासमोर बघू द्या."

नाक मुरडणाऱ्यांत माझे पप्पा पहिले. ते चर्चच्या मंडळीचे पंच, शिस्तीला कडक. माझ्या मोठ्या बहिणीनं, निशाताईनं, कंपनीतल्या एका बौद्ध मुलाशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. दोन वर्षं घरात तिचं नाव निघालं नव्हतं. मी तिच्याशी चोरून फोनवर बोलायचे. ताई घरी येऊ दे, एवढी एकच प्रार्थना त्या काळात मी मनापासून करत होते.

देवाच्या घरात मारामाऱ्या दाखवतात, अशी तक्रार पाळकसाहेबांकडे गेली. मावशींचा हा रविवारचा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा हे बघून सांगायला बाकीच्या पंचांनी नेमकं पप्पांनाच पाठवलं. त्या रविवारचा सिनेमा पोरांनी आधीच ठरवून ठेवला होता. त्यात मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून दारात येते, बाप दार लावून घेतो आणि आत जाऊन देवापुढे हात जोडतो. आमच्या घरातलं सगळं मावशींना ठाऊक होतं. त्यांनी तो सीन तसाच पुढे जाऊ दिला असता तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी मागच्या खुर्चीवरच्या पप्पांकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं.

"येशू कुठं उभाय?"

एकजण म्हणाला, बापापाशी, कारण तो प्रार्थना करतोय. मावशींनी बाकीच्यांकडे पाहिलं. मी कशी उठले ते मला आजही सांगता येत नाही.

"दाराबाहेर," मी म्हणाले. "पोरीजवळ."

पप्पा उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, मावशी आमच्या घरी आल्या. "भाऊ, दुखावलं असेल तर माफ करा," त्या म्हणाल्या. "पण लेकरांना दर रविवारी विचारायचं अन् तुम्ही बसलात म्हणून गाळायचं, ते मला जमलं नाही." पप्पांनी त्यांना बसवून चहा दिला. आणि पंचांना त्यांनी सांगितलं, वर्ग चालू द्या.

त्या नाताळात ताई आणि दाजी जेवायला आले. पप्पांनी ताईच्या ताटात स्वतः वाढलं. दाजींशीही हळूहळू बोलायला लागले, पण कुणाला ओळख करून द्यायची वेळ आली की "हे चाकणला असतात" एवढंच म्हणायचे. कित्येक वर्षं ते तसंच चाललं. दाजींनी कधी तक्रार केली नाही, मला मात्र दर वेळी राग यायचा.

मावशी गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या मातीला चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. नर्स, मास्तर, वेल्डर, एक रॅप करणारा पोरगासुद्धा, सगळे त्या हॉलमधले. बाई एकट्याच होत्या हो, असं कुणीतरी हळहळलं. मी त्यांना मागच्या रांगांपर्यंत बघायला सांगितलं. रडत होतेच, पण मान ताठ होती. मला माझ्या डोक्यानं विचार करायला या बाईंनी शिकवलं, आणि हे मी कुणालाही छाती फुगवून सांगेन.

पेटीला खांदा द्यायला पप्पा पुढे झाले, त्यांच्या शेजारी दाजी. पुण्याहून आलेल्या एका पाळकांनी चालता चालता पप्पांना हळूच विचारलं, हे कोण?

"आमचे जावई," पप्पा म्हणाले.